पाहुणी उठेपर्यंत

ज्या बिऱ्हाडात पाहुणा बसलेला असतो, त्या बिऱ्हाडाच्या भिंती सरकत नाहीत. गावात घरं कमी पडायला लागली तेव्हापासून हे सगळ्यांना माहीत झालं होतं. एरवी घरमालक दारात येऊन ‘खोली खाली करा’ म्हणाला, की भाड्याची खोली चारी बाजूंनी आवळायला लागायची आणि टरफलातून शेंगदाणा निघावा तशी माणसं बाहेर पडायची. ती गेली की खोली पुन्हा ऐसपैस. पण पाहुण्यासमोर असलं बोलायचं नाही, एवढी जनाची लाज घरमालकांनाही होती. म्हणून शेजारणी आळीपाळीने एकमेकींकडे पाहुण्या होऊन बसू लागल्या.

त्यावर तोड काढली पारखेबाईंनी. तीन मजली इमारतीच्या त्या मालकीण, बोलायला अगदी लोणी. त्या करंडा घेऊन यायच्या आणि पाहुणीला हळदकुंकू लावायच्या. हळदकुंकू लावलं की बाई जायला उठते, ही आपल्याकडची रीत. सवाष्ण कुंकवाला नाही म्हणू शकत नाही. पाहुणी मागे वळून बघत राहायची आणि तिचे पाय तिला जिना उतरवून न्यायचे. अख्खा तळमजला असा रिकामा झाला.

मग दुसऱ्या मजल्यावरची रेवती, कडेवर वर्षाची ओवी घेऊन, समोरच्या घरातल्या प्रमिलाकाकूंकडे आली. तिचा नवरा परगावी कामाला होता आणि गावात दुसरी खोली औषधालाही उरली नव्हती.

‘काकू, तुम्हीच या बसायला,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला कोण कुंकू लावणार?’

पोरीच्या मनात काही नव्हतं. काकूंच्या मात्र ते जिव्हारी लागलं. नाना गेल्यापासून प्रत्येक समारंभात करंडा त्यांच्या अलीकडच्या बाईपाशी थांबायचा आणि त्यांना ओलांडून पलीकडच्या बाईकडे जायचा. तेवढ्या वेळात त्या पदर नीट करत बसायच्या, जसं काही ते फार निकडीचं काम आहे. पण त्या हसून म्हणाल्या, ‘खरंच की गं. येते.’

त्या बसल्या त्या बसल्याच. खुर्चीतच जेवायच्या, खुर्चीतच पेंगायच्या. चहाचा कप अर्धा ठेवायच्या, कारण तो रिकामा झाला की भिंत कुरकुरायची. डोळा लागला तर भिंत बोटभर पुढे यायची. झोपलेला पाहुणा म्हणजे अर्धाच पाहुणा. हळूहळू कॉट उभी करून ठेवावी लागली आणि गॅसची शेगडी काकूंच्या गुडघ्याला टेकली. पण खोली टिकली. आपलं वैधव्य कुणाच्या तरी उपयोगी पडलं, याचं काकूंना बरंही वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

पारखेबाई रोज दारात येत.

‘बसलायत का?’

‘बसलेय.’

‘बसा, बसा,’ असं म्हणून त्या परत जात.

एका दुपारी त्या करंडा घेऊन आल्या. काकूंना हसूच आलं.

‘अहो, तो मला कशाला दाखवताय?’

‘दाखवत नाहीये. लावायला आणलाय,’ पारखेबाई म्हणाल्या. ‘मी नाही मानत तसलं काही. बाईने बाईला लावायचं, बस्स.’

रेवतीने आधणाखालचा गॅस बंद केला. ‘काकू,’ ती हळूच म्हणाली, ‘तुम्ही नको म्हणू शकता.’

म्हणू शकत होत्या. अख्ख्या गल्लीत त्या एकट्याच म्हणू शकत होत्या. नुसती मान मागे घेतली असती तरी पुरलं असतं. पण पारखेबाईंचं बोट हळदीत बुडालं, तो वास आला आणि काकूंची मान पुढे झाली. आपोआप झाली असं म्हणता आलं असतं, पण ती त्यांनीच पुढे केली. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं कळत होतं. लाजेने कान तापले होते. तरी त्यांनी डोळे मिटले आणि वाट पाहिली. आधी हळद लागली, मग कुंकू. बोट गार होतं.

मग पाय उठले. जिन्यात त्यांना मागून पारखेबाईंचा लोण्यासारखा आवाज ऐकू आला, ‘रेवती, खोली खाली करा हं.’

रस्त्यावर रणरणतं ऊन होतं. आधी शेगडी बाहेर आली, मग गादी, मग डबे आणि शेवटी ओवीला छातीशी धरून अंग चोरत रेवती. तिने सामान कडेला लावलं आणि ती काकूंसमोर येऊन उभी राहिली. तिने चार शब्द सुनावले असते तर काकूंना सुटल्यासारखं झालं असतं. रेवती त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली.

‘शोभतंय तुम्हाला,’ ती म्हणाली. मग गाव सोडून निघालेलं माणूस वडीलधाऱ्यांच्या पाया पडतं तशी ती खाली वाकली.

काकूंनी खाली पाहिलं नाही. त्यांना दरदरून घाम फुटला होता, आणि मान वाकवली असती तर कुंकू ओघळलं असतं.