भांगाच्या दिवशी चढलेलं पाणी

अष्टमीच्या संध्याकाळी आमच्या बंदरवाडीच्या जेटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पावस गावापासून माणसं आली होती. नवरात्रामुळे बायका नव्या साड्यांत होत्या, ऑक्टोबरचा उकाडा मी म्हणत होता आणि माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. जेटीच्या मधल्या पायरीवर एक नारळ ठेवला होता. त्याच्या बऱ्याच वर, कोरड्या कट्ट्यावर, भगव्या कफनीत जलनाथ महाराज बसले होते. घाटावरून येऊन त्यांना पंधरवडाही झाला नव्हता.

"दर्या माझा धाकटा भाऊ," महाराज म्हणाले. "ये म्हटलं की येतो, बस म्हटलं की बसतो. शिकलेल्यांना हे पटत नाही, कारण त्यांच्या पुस्तकात माझ्या भावाचा फोन नंबर नाही."

लोक हसले. मग महाराजांनी हात वर केला आणि पाणी खरोखरच आलं. वारा नाही, ढग नाही, आणि समुद्र आतून फुगत फुगत पायऱ्या चढला, नारळापाशी पोचला, त्याला उचलून घेऊन गेला. जेटीवरची सगळी माणसं लोटांगण घालत आडवी झाली. माझ्या शेजारचे धाकू तांडेलही पालथे पडले. सारा जन्म बोटीचं सुकाणू सांभाळलेला माणूस, बुवाबाजी म्हटली की शिव्या घालणारा. मी तेवढी उभी राहिले, आणि ते काही धैर्य नव्हतं. मला आश्चर्यच वाटलं नव्हतं.

मी देवरूखची, समुद्रापासून लांबची. इथल्या शाळेवर सातवीला शिकवते, सगळे मला बाई म्हणतात. समुद्र दिवसातून दोनदा वर येतो आणि खाली जातो एवढंच माझं ज्ञान. त्यात तो आज जरा जास्त वर आला, तर आला. धाकूंनी मला परतताना समजावलं तेव्हा लोक का पडले ते कळलं.

"बाई, आमी तिथी बोटावर मोजताव," ते म्हणाले. "पुनवेला नि अवसेला उधाण. अष्टमीला भांग. भांगाचा पानी आळशी, मधल्या पायरीला कवा लागत नाय. माज्या बापानं बगितला नाय, मी बगितला नाय. आज लागला."

म्हणजे गोम इथे होती. महाराजांनी हातातून अंगारा काढला असता तर बंदरवाडीने त्यांना हाकलून दिलं असतं. त्यांनी हात घातला तो या लोकांच्या खात्रीच्या विद्येवर. भरती-ओहोटी यांना जितकी पक्की ठाऊक, तितके हे लोक पक्के फसले.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. वाडीने दोन-चार नारळ जास्त फोडले म्हणून माझं काय जात होतं? पण महाराजांची नजर सगुणावर पडली.

सगुणाचा नवरा महिपत गणपती विसर्जनानंतर एका सकाळी लहान होडी घेऊन जाळं काढायला गेला. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. दुपारी खाडीच्या मुखाशी होडी उलटी सापडली. महिपत सापडला नाही. तेव्हापासून सगुणा सगळं करायची. भाकऱ्या थापायची, मासळी निवडायची, मुलीची, वैष्णवीची, वेणी घालायची. फक्त रडत नव्हती, आणि विचारल्याशिवाय बोलत नव्हती. तिच्या घरी गेलं की आपल्यालाही काही वाटेनासं व्हायचं. मी तिथून यायचे आणि वह्या तपासायला घ्यायचे, आणि वह्यांतलं काही डोक्यात शिरायचं नाही.

दीर गुरुप्रसादने भटजींना विचारून दिवस ठरवला होता. देह मिळाला नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग पुढचं दहावं-तेरावं. मला असल्या विधींचं कौतुक नाही. पण गेलेला गेला, एवढं तरी तो पुतळा सांगतो.

कोजागरी दोन दिवसांवर असताना महाराजांनी तो दिवस मोडला. "पुतळा जाळू नका," ते म्हणाले. "तो मेलेला नाही, माझ्या भावाकडे पाहुणा आहे. कोजागरीच्या दुपारच्या उधाणाला मी त्याला परत मागतो. त्याच्या बायकोने उधाणाचं पाणी पोचत नाही त्या वरच्या पायरीवर दिवा घेऊन बसावं. समुद्राकडे पाठ. मागे वळून पाहायचं नाही. पाणी तिच्या पायांना लागेल आणि मागे फिरेल. तेवढं झालं की माणूस घरी आलाच समजा."

मी सगुणाकडे गेले. ती सुकटीतले खडे वेचत होती.

"तुझा विश्वास आहे?" मी विचारलं.

"नाय म्हायत."

"मग कशाला बसतेस?"

"कोन तरी सांगतंय बस. बसतंय. न बसून तरी काय करू, बाई?"

वैष्णवी दारात उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "बाई, आई पोहत नाही." नंतर रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आली आणि तिने आणखी एक गोष्ट सांगितली. महाराजांची पांढरी गाडी रोज जेटीवरच उभी असते, अगदी पाण्याच्या कडेला. अष्टमीला मात्र सकाळपासून ती वर टेकाडावर चिंचेखाली होती. मी मान हलवली. मला त्यात काही दिसलं नाही. सातवीच्या मुलीला दिसलं होतं.

कोजागरीच्या आदल्या संध्याकाळी मी जेटीवरच्या अनिलच्या टपरीत चहा घेत होते. धाकू बाकावर होते. अनिलचा रेडिओ मच्छीमारांसाठीची सूचना सांगत होता. टपरीची एक जुनी रीत आहे. सूचना सुरू झाली की सगळे गप्प होतात. वारा किती, कुठून, हे कळलं की अनिल बटण फिरवतो आणि गाणी लावतो. वारा नाही म्हणजे भीती नाही. बोटी हाकणाऱ्या पिढ्यांनी समुद्र असाच ओळखला आहे, वाऱ्यावरून.

"वारा मंद राहील," रेडिओ म्हणाला. अनिलचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे रे," मी म्हणाले. मला गाणी नको होती एवढंच.

"तथापि," रेडिओ पुढे म्हणाला, "दक्षिणेकडच्या खोल समुद्रातील वादळामुळे उंच लाटा किनाऱ्याकडे येत आहेत. उद्या दुपारी भरतीच्या वेळी पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढण्याची शक्यता आहे. स्थानिक हवामान शांत असले तरी नागरिकांनी किनाऱ्यावर थांबू नये."

धाकूंनी कप खाली ठेवला. ते अनिलला म्हणाले, "मेल्या, अष्टमीच्या आदल्या दिशी पन तू बटन फिरवलंस."

"तुमीच बोलताव, फिरव म्हनून," अनिल म्हणाला.

ते खरंच होतं. आम्ही तिघंही मोबाइलवर शोधत बसलो. अष्टमीचा इशाराही तिथे होता, कोणालाही वाचता येईल असा. महाराजांनी तेवढाच वाचला होता. मला वैष्णवीने सांगितलेली ती गाडी आठवली. या माणसाला पाणी येणार हे ठाऊक होतं. उद्याचंही ठाऊक होतं, नाहीतर उधाण पोचत नाही ती पायरी त्याने निवडली नसती. आणि ठाऊक असून तो पोहता न येणाऱ्या बाईला, पाठमोरी, पायरीवर बसवणार होता.

धाकू आणि मी तडक सगुणाकडे गेलो. धाकूंनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "दादा, तुमीच तर त्याच्या पाया पडलाव." मी बोलले, गुरुप्रसादही तिला नको म्हणाला, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. नुसतं सांगून भागणार नव्हतं, ते तिला दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन डोळ्यांत जात होतं आणि समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होता. गर्दी अष्टमीच्या दुप्पट. सगुणा दिवा घेऊन पायरीवर बसली होती, पाठ पाण्याकडे, तोंड वर रस्त्याकडे. महाराज आज कट्ट्याच्याही वर, देवळाच्या पडवीत. त्यांचा शिष्य रितेश मोबाइलवर चित्रण करत होता. आणि गाडी चिंचेखाली होती.

मी पडवीसमोर उभी राहिले. वर्गात ओरडायची सवय कामी आली.

"महाराज, एक विनंती. तुमची गाडी खाली आणून सगुणाच्या शेजारी लावा."

"बाई, वाहन ही माया आहे," महाराज म्हणाले. "साधूचं लक्ष मायेकडे नसतं."

"मग भिजू दे मायेला. पाणी पायांना लागून मागे फिरणार आहे ना? चाकांनाही तेवढंच लागेल."

कोणीतरी खुदकन हसलं. महाराजांचा सूर जरा चढला. "दर्याची परीक्षा घ्यायची नसते. भाऊ माझा रागीट आहे."

"अष्टमीला तर म्हणालात, बस म्हटलं की बसतो." मी रितेशकडे वळले. "किल्ली तुमच्याकडे आहे ना? आणा गाडी." रितेश जागचा हलला नाही. त्याने महाराजांकडे पाहिलं आणि महाराजांनी समुद्राकडे. ती नजर भावाकडे पाहणाऱ्याची नव्हती.

मग धाकू तांडेल पुढे झाले. "मी सांगतंय ऐका," ते म्हणाले. "थोड्या वेळात पानी हा कट्टा गाठनार. म्हाराजांनी बोलावला म्हनून नाय. रेडिओ काल बोललाय. मी अष्टमीला लोटांगन घातला, ती माजी चूक. पोरांना मागं घ्या."

माणसं देवळापर्यंत मागे सरकली, पण गर्दीचं तोंड समुद्राकडेच होतं. फक्त एका माणसाचं तोंड टेकाडाकडे होतं, आणि ते महाराजांनीच तसं बसवलं होतं. सगुणाला तिथून चिंच दिसत होती, चिंचेखालची गाडी दिसत होती. मी तिला हाक मारली, "सगुणा, समोर बघ. ती गाडी रोज कुठे असते?"

ती बघत राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, की तिच्या मागचं पाणी ओसरत चाललंय, आणि लाट येण्याआधी ते तसंच ओसरतं, असं धाकूंनी सांगितलं होतं.

"म्हाराज," सगुणा बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज बेताचाच, पण सगळ्यांना ऐकू गेला. "गाडी वर का नेलाव?"

महाराज कफनी आवरून पडवीत आणखी मागे सरकले.

सगुणा उठली. दिवा तिथेच ठेवला आणि सावकाश पायऱ्या चढून वर आली. वैष्णवीने तिचा हात धरला. त्या दोघी कट्टा ओलांडून देवळापाशी पोचतात न पोचतात तोच लाट आली. फेस नाही, गर्जना नाही, नुसतं जाड पाणी उठलं, सगुणाची पायरी आणि कट्टा बुडवून गेलं, दिवा आणि कट्ट्यावरच्या चपला घेऊन गेलं. अनिलच्या टपरीतून बाक तरंगत निघाला. ज्या पायरीवर पाणी पायांना लागून फिरणार होतं, तिच्यावर पुरुषभर पाणी उभं होतं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी महाराजांना मारलंही नाही. गाडीचं तोंड आधीपासून रस्त्याकडेच होतं, महाराजांना घेऊन ती निघून गेली. गुरुप्रसादने पोलिसांत तक्रार दिली आणि रितेशच्या मोबाइलमधलं चित्रणच महाराजांविरुद्ध पुरावा झालं. पण त्या क्षणी जेटीवर सगळे ओल्या पायांनी नुसते उभे होते. मलाही जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

पाणी उतरल्यावर मी लोकांना बाजूच्या एका पडक्या होडीपाशी नेलं. तिच्यात परतीच्या पावसाचं पाणी साचलेलं होतं. धाकूंना मी नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या, टोकाला एकदाच जोरात पाय आपटायला सांगितलं. तिथे पाणी हललं, मधे जेमतेम दिसलं, आणि क्षणभराने दुसऱ्या टोकाला काठावरून सांडलं.

"या टोकाला कोणी पाय आपटला का?" मी विचारलं.

"नाय," पोरं म्हणाली.

"मग पाणी इथे का सांडलं? वादळ तिकडे, आपल्याला दिसणारही नाही इतक्या लांब. वारा तिथेच राहतो, लाट तेवढी चालत येते. तिला तिथीशी देणंघेणं नाही. भांगाला आली तर मधली पायरी गाठते. उधाणाच्या पाण्यावर बसून आली तर आज आपण पाहिलं. तुमची बोटावरची विद्या खोटी नाही. ती चंद्राची आहे, या लाटेची नाही."

कोजागरीनंतर चार दिवसांनी गुरुप्रसादने दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला. मीही गेले होते. सगुणा तेव्हाही रडली नाही.

ती त्याच संध्याकाळी टपरीवर आली. अनिलने बाक शोधून आणला होता, रेडिओ वरच्या फळीवर होता म्हणून वाचला होता. सूचना चालू होती. वाऱ्याचं वाक्य संपलं, लाटांचं झालं, आणि आता सगळे ते शेवटपर्यंत ऐकत होते. सगुणा संपेपर्यंत उभी राहिली. मग तिने अनिलला विचारलं, "हे गेले त्याच्या आदल्या दिशी रेडिओ वाऱ्याच्या म्होरं काय बोलला?"

अनिल कप पुसू लागला. धाकूंनी मान खाली घातली. मोबाइलमध्ये शोधता आलं असतं, पण कोणी खिशात हात घातला नाही, मीही नाही. त्या दिवशीही वारा नव्हता. त्याच्या आदल्या दिवशीही अनिलने बटण फिरवलं होतं.

"ऐकला नाय गो," अनिल शेवटी म्हणाला.

तेव्हा सगुणा बाकावर बसली आणि रडायला लागली. कोणी तिला थांबवलं नाही.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कोणी समुद्र आपल्या शब्दात आहे म्हणाला, तर आधी त्याची गाडी कुठे उभी आहे ते बघा. आणि जे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, त्याच्या पुढचं वाक्यही ऐकून घ्या. अनिलने त्याच रात्री रेडिओचं बटण चिकटपट्टीने बांधून टाकलं. आता सूचना पूर्ण होईपर्यंत बंदरवाडीत गाणी लागत नाहीत.