सहा लाद्यांचं शेत

चिमाबाईने आयुष्यात बरंच काही भोगलं होतं, पण बांधावरून भांडायचं तेवढं राहून गेलं होतं. भांडायला आधी बांध लागतो, आणि बांधाला शेत. सापगावच्या कडेला वाडीत नांदलेल्या या बाईकडे दोन्ही नव्हतं. चाळीस पावसाळे तिने दुसऱ्यांच्या खाचरात भात लावलं. कंबरेत वाकून रोप रोवताना तिच्या डोक्यावरून शिव्या जायच्या, तुझ्या बापानं वीतभर बांध कोरला, तुझ्या आज्यानं हातभर. शिव्या देणाऱ्यांकडे ती आदराने बघायची. तीन पिढ्या पुरेल एवढं भांडण घरात असणं म्हणजे श्रीमंतीच.

दुसरी गोष्ट सावडीची. बऱ्याच शेतवाल्या बायका सावडीने लावणी उरकत. आज सगळ्या तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या माझ्या. चिमाबाई सावडीत कधीच नव्हती. तिने दुसरीकडे लावायचं, पण तिच्याकडे येऊन कोणी लावायचं कुठे? चुलीत? त्यामुळे ती आपली रोजावर.

पुढे नवरा केरू गेला, गुडघे कामातून गेले, आणि मुलगा महेंद्र तिला शहापूरला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. समोरचं दार उघडलं तर आत धोंडीबाई. चाळीसपैकी तीस पावसाळे चिमाबाईने जिच्या खाचरात काढले, तीच ही. जमीन रस्त्यात गेली, पोराने फ्लॅट घेतला, आणि धोंडीबाई सोफ्यावर बसून कंटाळत होती. लावणीच्या दिवसांत ती चिखलात न उतरता बांधावर छत्री धरून उभी राहायची आणि दर घटकेला म्हणायची, "हात चालव गो चिमे, ऊन डोक्यावर आलं." प्यायला पाणी मागितलं की ओंजळीत वरून ओतायची. आता दोघींच्या दारांमध्ये फक्त बारा लाद्यांचा पॅसेज होता. समोरासमोर आल्या की दोघी खिडकीकडे बघायच्या.

अशात सून पल्लवीने कल्याणच्या ऑफिसातून एक कुंडी आणली. स्पायडर प्लँट. लांब, हिरवी पाती आणि प्रत्येक पातीत मधोमध पांढरा पट्टा. चिमाबाईने चष्मा लावून बघितलं.

"भाताचंच रोप हाय. पन करपा पडलाय."

"करपा नाही आई, ते तसंच असतं. शोभेचं आहे, घरात ठेवायचं."

"दाना नाय येत?"

"नाही."

"पेंढा?"

"नाही हो."

चिमाबाईला त्या रोपाची फार दया आली. दुसऱ्या दिवशी पल्लवी ऑफिसला गेल्यावर तिने कपडे भिजवायच्या टबात माती कालवली, चांगला चिखल केला, वर घोट्याएवढं पाणी ठेवलं आणि रोप त्यात रोवलं. टबात सोडायला खेकडेही आणायला सांगितले होते, कारण खेकड्यावाचून खाचर तिला उघडं वाटलं. महेंद्रने ते आणले नाहीत म्हणून बरं. आठ दिवसांत रोप बुडखाशी मऊ पडलं आणि वास मारायला लागलं. पल्लवीने ते उपसलं, कुजलेलं कापून टाकलं आणि उरलेली मुळं सासूला दाखवली. जाडजूड, पांढरी, भाजीच्या बारक्या मुळ्यांसारखी.

"हिच्या मुळातच पाणी साठवलेलं असतं, आई. वरची माती सुकली की मगच द्यायचं. आणि रोवताना मधला कोंब मातीत गाडायचा नाही."

चिमाबाईने मुळं बोटांनी दाबून बघितली. "म्हंजे ही दिसाया भात आनि वागाया नागली," ती म्हणाली. "डोंगरउतारावरची नाचनी, पानी न मागनारी. आधी सांगाचं ना."

एकदा जात कळल्यावर तिला कोणी शिकवायची गरज उरली नाही. पातीची टोकं तपकिरी होतात ती नळाच्या पाण्यातल्या औषधाने, हे पल्लवीने मोबाइलमध्ये वाचून सांगितलं. तेव्हापासून चिमाबाई बादलीभर पाणी आदल्या दिवशीच भरून उघडं ठेवू लागली. भर उन्हात पाती करपते आणि अंधारात झुरते म्हणून तिने कुंडी पॅसेजच्या खिडकीपासून चार हात आत ठेवली. दीड महिन्यात रोपातून एक लांब दांडी निघाली, दांडीला पांढरी फुलं आली, आणि फुलांमागून दाणे यायच्या ऐवजी टोकाला अख्खंच्या अख्खं रोप आलं. मुळांच्या गाठींसकट. भाताला असं करताना तिने चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. नांगरट नाही, राब जाळून जमीन भाजणं नाही, पेरणी नाही, आणि रोप थेट हवेत तयार. ती दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवत होती.

पिल्लं वाढत गेली. दह्याचे डबे, आइस्क्रीमचे डबे, कापलेल्या बाटल्या, सगळ्यांत माती भरली गेली. चिमाबाईने ती पॅसेजमध्ये ओळीने, एका वितीच्या अंतराने मांडली. कबुतरांसाठी खिडकीत महेंद्रचा ऑफिसचा जुना शर्ट काठीवर चढवून उभा केला. कुरियरवाल्याने त्या शर्टाकडेच सही मागितली.

धोंडीबाई चार दिवस दाराच्या फटीतून बघत होती. पाचव्या दिवशी आली आणि चार रोपं मागून घेऊन गेली. मग तिनेही आपल्या दारासमोर डबे मांडले. सहा लाद्या हिच्या, सहा तिच्या, मध्ये विटांची एक रांग. इथवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

पण धोंडीबाई पडली पिढीजात शेतवाली. झाडू मारता मारता तिच्या हाताने विटांची रांग रोज बोटभर इकडे सरकू लागली. चिमाबाईच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. ती गप्प राहिली. एक बोट म्हणजे भांडणाला फारच कमी. चार बोटं झाल्यावर, सकाळी दहा वाजता, तिने पदर खोचला आणि पॅसेजमध्ये उभी राहिली.

"धोंडीबाई, माजा बांध कोरला तुमी."

पुढचा तासभर तिने काय काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की त्यातला एकही शब्द तिचा स्वतःचा नव्हता. सगळा चाळीस वर्षं वाकून ऐकलेला माल होता. संध्याकाळी महेंद्र घरी आला तेव्हा आई दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"आई, चार बोटांसाठी एवढं?"

"आजवर चार बोटं तरी व्हती का रे आपल्याला?"



पुढच्या काही दिवसांत चिमाबाईच्या मोठ्या रोपाची एक दांडी बांध ओलांडून गेली आणि टोकाच्या पिल्लाने धोंडीबाईच्या डब्यात मूळ धरलं. धोंडीबाई म्हणाली, माझ्या जमिनीत उगवलं ते माझं. चिमाबाई म्हणाली, पोर शेजारी खेळाया गेलं म्हणून शेजारणीचं होत नाही. मजल्यावरच्या बाकीच्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीचे कान भरले. सेक्रेटरीने जिन्यात कागद चिकटवला: रविवारपर्यंत वाद मिटवा, नाहीतर पॅसेज पूर्ण रिकामा.

 भांडण करताना भांडणात शेतही जाऊ शकतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. सवय नव्हती ना. त्या दिवशी ती जेवली नाही. मग तिने शेतवाले करतात तेच केलं, मोजणी मागितली.

तळमजल्यावर लडकूभाऊ राहायचे. मुरबाडकडे जमीनमोजणीत मोजणीची साखळी ओढण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं. पाण्याची टाकी त्यांची दोनदा मोजून झाली होती. रविवारी ते टोपी घालून, टेप घेऊन वर आले. झेंडे हवेत म्हणाले, म्हणून पल्लवीने दोन लाल रुमाल काठ्यांना बांधून दिले. खुणेचा दगड म्हणून त्यांनी पाणी जायची जाळी धरली. तिन्ही मजल्यांची माणसं जिन्यात बसली. टेप दोनदा टाकला, एकदा उलटा टाकला, आणि लडकूभाऊंनी जाहीर केलं, "बांध चार बोटं पश्चिमेला, चिमाबाईच्या अंगाला सरकलेला हाय."

"आनि बांधापल्याडचं पोर?" चिमाबाईने विचारलं.

लडकूभाऊंनी डोळे मिटून विचार केला. "नाळ हाय तवर आईचं. नाळ कापाची का नाय, ते आईवाल्यानं ठरवाचं."

मग त्यांनी कागदावर लिहिलं: लादी क्रमांक एक ते सहा, वहिवाट चिमाबाई केरू यांची. आणि कागद धोंडीबाईपुढे धरला. लगतच्या खातेदाराची सही लागते. सही नसेल तर वाद कायम, आणि वाद कायम तर सेक्रेटरीचा कागद लागू.

धोंडीबाई पेन हातात घेऊन बसून राहिली. एवढ्या वर्षांत तिने खूप कागदांवर सह्या केल्या होत्या, पण चिमीच्या नावाची जमीन आहे असं कुठे लिहून दिलं नव्हतं.  चिमाबाई खिडकीतल्या शर्टाकडे बघत उभी होती.

"माजी रोपं कुजतान," धोंडीबाई शेवटी हळूच म्हणाली. "बुडाशी मऊ पडल्यान. तुजी बरी कशी ऱ्हातान?"

चिमाबाईने तिच्या डब्यात बघितलं. काठोकाठ चिखल, वर पाणी. भातवाली ती भातवालीच.

"पुन्ना लावाया पायजेत. सुक्या मातीत."

"मग उद्या ये ना माज्याकडं लावाया. मी सही करते."

चिमाबाईचं डोकं हो म्हणायला सवयीने हललंही होतं. तिने ते मध्येच थांबवलं.

"रोजावर नाय येणार. सावडीनं येन," ती म्हणाली. "उद्या माजं लावाचं, परवा तुजं."

धोंडीबाईने मान वर करून तिच्याकडे बघितलं. चिमाबाईने तिला तू म्हटलं होतं, आणि ते दोघींनीही ऐकलं होतं. मग धोंडीबाईने सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता धोंडीबाई लुगड्याचा ओचा खोचून सहा लाद्यांच्या शेतात उतरली. बाजूला पिल्लांची जुडी ठेवली होती. नाळ कापलेलं बांधापल्याडचं पोरही त्यात होतं, ते चिमाबाई धोंडीबाईच्या लावणीच्या दिवशी तिलाच देणार होती. चिमाबाई विटांच्या बांधावर उभी राहिली. छत्री तिने मुद्दाम आणली होती. ती उघडली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली,

"हात चालव गो धोंडे, ऊन डोक्यावर आलं."

डोक्यावर ट्यूबलाइट होती. धोंडीबाईने तिच्याकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं, आणि रोप रोवलं. मग दुसरं. ते वाकडं गेलं. तिसऱ्याचा कोंब तिने मातीत पार गाडून टाकला. जन्मभर बांधावर उभी राहिलेली बाई, तिला लावणी येणार कुठून?

चिमाबाईने चौथं रोप कसंबसं पाहिलं. पाचव्याला तिला राहवलं नाही. छत्री मिटून तिने शर्टाच्या बाहीत अडकवली, घरातून पाण्याचे दोन ग्लास भरून आणले आणि एक धोंडीबाईच्या हातात दिला. मग गुडघ्यांना शिव्या देत लादीवर बसली.

"सरक गो तिकडं," ती म्हणाली. "माजं शेत नासवशील."

धोंडीबाई पाणी पिऊन सरकली, आणि दोघी ओळ धरून लावू लागल्या.