चादरीचे कोपरे

"आई, पुन्हा एकदा उतरता का? मघाशी तुमचा चेहरा आलाच नाही," सून म्हणाली.

धाकटी तिसऱ्यांदा गाडीतून उतरली. सत्तरी उलटलेल्या बाईला धाकटी म्हणणं तसं विचित्रच. पण ज्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिची हयात गेली तिथे तिला याच नावाने ओळखत, कारण तिची बहीण तिच्या आधीपासून तिथे कामाला होती. एक थोरली, एक धाकटी. पगाराच्या दिवशी कारकून खरी नावं पुकारायचा तेव्हा दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

ती फाटकापर्यंत गेली, परत चालत आली, दार उघडून आत बसली. सून फोन समोर धरून पावलापावलाने मागे सरकत होती. मुलगा स्टिअरिंगमागे नवरदेवासारखा ताठ बसला होता. गाडी नवी होती, विजेवर चालणारी, पांढरीशुभ्र. आत नव्या चपलांच्या खोक्यासारखा वास येत होता आणि पायाखालचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. धाकटीची कापडी पिशवी मुलाने दोन बोटांत धरून उचलली होती, तळाला माती नाही ना ते वाकून पाहिलं होतं, आणि मगच आत ठेवू दिली होती.

आईच्या पिशवीला दोन बोटं. धाकटीने ते पाहिलं आणि गिळलं. भांडायला आजचा दिवस नव्हता. तिला उजेड असेपर्यंत थोरलीकडे पोहोचायचं होतं.

थोरली समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हाताऱ्यांच्या एका संस्थेत राहत होती. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. गेलं वर्षभर तिची स्मरणशक्ती जुन्या कापडासारखी विरत चालली होती. तिथल्या नर्सबाईंनी फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की उन्हं उतरायच्या आत या. दिवसा त्या मधूनमधून शुद्धीत असतात, तुमचं नाव घेतात. अंधारून आलं की कोणालाच ओळखत नाहीत. आणि हे दिवसाचंही आता फार टिकणार नाही.

धाकटी म्हणाली होती, मी आपली रेल्वेने जाते. सकाळी बसलं की दुपारच्या जेवणाला तिथे. पण घरात नवीकोरी गाडी असताना आई रेल्वेने गेली तर चारचौघांत काय तोंड दाखवायचं, असं मुलाचं म्हणणं. शिवाय त्यांना समुद्रावर जायचंच होतं, मावशीला वाटेत भेटता येईल. 'वाटेत' हा शब्द धाकटीला काट्यासारखा टोचला, पण ती हो म्हणाली.

पिशवीत तिचे चार कपडे आणि एक चादर होती. इस्पितळाने धुलाईघर बंद केलं, कपडे बाहेर धुवायला द्यायला सुरुवात केली, तेव्हा मुकादमाने प्रत्येकीला एकेक जुनी चादर दिली होती. थोरलीने आपली चादर धाकटीला देऊन टाकली होती, तीच ही. मला एकटीला कशाला, म्हणाली, हिची घडी घालायला दुसरं माणूस लागतं. चादरीच्या कोपऱ्यावर इस्पितळाचा निळा शिक्का होता, आता पुसट झालेला. चेहरा विसरला तरी हाताला ओळख राहते म्हणतात. ही चादर हातात दिली तर थोरलीला काहीतरी आठवेल, अशी धाकटीची आशा होती. एवढ्या एका आशेवर ती त्या खोक्यात बसली होती.

गाडीला आवाज नव्हता. मुलाने त्याचं कौतुक रस्ताभर सांगितलं. त्याहून जास्त कौतुक त्याला दुसऱ्या एका गोष्टीचं होतं. पायाखालची कळ सोडली की गाडी आपोआप आवरती होई आणि म्हणे तेवढी वीज परत बॅटरीत जाई. हे कळल्यापासून तो जागोजागी पाय उचलत होता. गाडी पुढे जाई, कोणीतरी मागून ओढल्यासारखी थबके, पुन्हा पुढे जाई. खिडक्या बंद, कारण उघड्या ठेवल्या की वारा अडवतो. गार हवेचं यंत्रही बंद, कारण ते वीज खातं. समोरच्या पडद्यावर उरलेल्या विजेचा आकडा होता आणि मुलगा रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघत होता.

धाकटीशेजारी नात बसली होती, नऊ-दहा वर्षांची. तिच्या ओठांचा रंग उडत चालला होता. धाकटीने मुलाला दोनदा सांगितलं की पोरीला मळमळतंय, खिडकी उघड.

"होईल सवय," तो म्हणाला. "सगळ्यांना होते."

वाटेत चार्जिंगची एक जागा लागली. दोन यंत्रं होती आणि दोन्हींपाशी कोणी नव्हतं. धाकटीला वाटलं आता थांबतील, पोरगी मोकळ्या हवेत श्वास घेईल, गाडीही पोट भरून घेईल. मुलगा सरळ पुढे गेला. पुढे मोठ्या बाजारसंकुलाच्या वाहनतळावर थांबायचं ठरलंय, म्हणाला. तिथे आपली माणसं आहेत.

आपली माणसं म्हणजे कोण, हे तिला तिथे पोहोचल्यावर कळलं. याच कंपनीची, याच बनावटीची गाडी घेतलेल्या लोकांचा फोनवर एक कंपू होता. त्यांनी आज त्या तळावर गाड्या एका ओळीत लावून फोटो काढायचं ठरवलं होतं. मुलाने हे घरात बायकोला सांगितलं होतं, आईला नाही.

तळावर वळताना त्याने शेवटचा पाय उचलला आणि नातीच्या घशातून आवाज आला. धाकटीने दोन्ही हातांची ओंजळ तिच्या तोंडाखाली धरली. ओंजळीत मावलं तेवढं मावलं.

"सीट," मुलगा ओरडला. "अगं, सीट सांभाळ."

गाडी थांबवून तो धावत मागे आला, दार उघडलं. धाकटीचे हात भरलेले होते, ती काही धरू शकत नव्हती, काही ओढू शकत नव्हती. त्याने तिच्या पिशवीत हात घातला, चादर उपसून काढली आणि पोरीच्या मांडीखाली कोंबली.

"जुनीच आहे ना ही," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं. मग गुडघे टेकून, जीभ दातांत धरून, तो सीटची शिवण पुसू लागला. चादरीचा कोरडा कोपरा शोधून, बोटाला गुंडाळून. शिक्क्याचा कोपरा.

धुलाईघरातल्या पहिल्याच दिवशी धाकटी बॉयलरमागे जाऊन ओकली होती. शस्त्रक्रियेच्या खोलीतला गठ्ठा तिच्यासमोर सोडला होता आणि त्यात काय काय होतं ते आज सांगण्यात अर्थ नाही. थोरली तिच्यामागे आली. पाठीवर हात नाही, काही नाही. नुसती म्हणाली, "माणसाच्या आतलं आहे ते. तुझ्या आतही तेच आहे. चल, धू." त्यानंतर रक्त, पू, मूत, बाळंतिणींची कापडं, मेलेल्यांच्या चादरी, सगळं तिच्या हातांखालून गेलं आणि तिला कधी म्हणून किळस आली नाही. आपल्याला ती येतच नाही असं तिला वाटायचं.

आज आली. समोर तिच्या मुलाची पाठ होती, इस्त्रीच्या सदऱ्यातली. लेकरू पांढरंफटक पडून बसलं होतं आणि तो शिवण पुसत होता. किळस आली ती ओंजळीतल्या घाणीची नाही. पोटच्या पोराची किळस यावी याची तिला भीतीच वाटली. तिने मान फिरवली.

बाजूच्या गाड्यांतले गृहस्थ जमा झाले. त्यांच्यात नमस्कार-चमत्काराची पद्धत वेगळी होती.

"कितीवर आलास?"

"अठ्ठावीस."

"अरे, मी चाळीसवर."

ताप सांगावा तसे ते एकमेकांना आकडे सांगत होते. बाहेर कठड्यावर बसलेल्या पोरीला बरं वाटतंय का, हे एकानेही विचारलं नाही. या सीटांत वास राहतो का, यावर मात्र जोरदार चर्चा झाली. मग तिघा-चौघांनी नाकं पुढे करून गाडीत डोकी घातली, आणि मागून पाहणाऱ्याला नुसत्या विजारी दिसत होत्या. एकाने चेहरा वाकडा केला, दुसऱ्याने एक फवारा आणून दिला. सून नाकाला रुमाल लावून दूर उभी होती. पोरीला तिने पाण्याची बाटली दिली, ती हात लांब करून.

धाकटी नातीला आणि चादरीला घेऊन मागच्या बाजूच्या नळावर गेली. आधी तिने हात धुतले, मग पोरीचं तोंड, मग चादर. पिळायची वेळ आली तेव्हा तिने एक टोक पोरीच्या हातात दिलं आणि उलट्या बाजूने फिरव म्हणाली. चादरीचा पीळ होता होता पोरगी ओढीने पुढे आली आणि आजीवर येऊन आपटली. हसली. दिवसभरातलं ते पहिलं हसू.

"आई, टाकून द्या ना ती," सून लांबूनच म्हणाली. "आपण नवी घेऊ."

धाकटीने चादर कठड्यावर वाळत घातली.

गाडीचं पोट भरलं, पण ते निघेनात. कंपूतल्या कोणा एकाची गाडी यायची होती, ती आल्याशिवाय ओळ पुरी होत नव्हती. फडक्यांनी काचा पुसल्या गेल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या गेल्या. कोणी सँडविचं वाटली. माणसं आपल्या बायकांकडे जशी बघत नसतील तशी आपल्या गाड्यांकडे बघत होती. धाकटी कठड्यावरच्या चादरीची सावली बघत होती. ती लांब लांब होत चालली होती. शेवटी ती उठली आणि मुलापाशी जाऊन उभी राहिली.

"सोन्या, उन्हं उतरली."

"पाचच मिनिटं, आई." त्याने बाजूच्यांकडे पाहून डोळा मारला. "मावशी काय पळून चाललीय?"

ते सगळे हसले. तिचा मुलगाही हसला, तोंडात सँडविचचा घास होता, तो दिसला.

"तीच तर पळून चाललीय," धाकटी म्हणाली आणि कठड्यावरची चादर पिशवीत घालून गाडीत जाऊन बसली.

संस्थेच्या दारात गाडी थांबली तेव्हा दिवे लागले होते. नर्सबाईंनी धाकटीकडे पाहून नकारार्थी मान हलवली. खोली लांबट होती, तीन खाटा, एक रिकामी. खिडकीजवळच्या खाटेच्या कडेला थोरली बसली होती. केस बारीक कापलेले, हात मांडीवर, तळवे वर. धाकटी समोर जाऊन उभी राहिली, वाकली, नाव सांगितलं. थोरलीने पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि थोडी सरकून बसायला जागा दिली.

मागून सुनेचा आवाज आला, हलका, गोड. "आई, जवळ घ्या ना त्यांना. आणि मावशींचं तोंड जरा उजेडाकडे करा."

धाकटी वळली. तिने फोनवर हात ठेवला, पूर्ण पंजा, आणि फोन खाली केला.

"पुरे," ती म्हणाली. "निघा तुम्ही."

मुलाला वाटलं ती रागावली आहे. तो समजूत काढू लागला, की आता भेट तर झाली, अंधार झालाय, हॉटेलात खोल्या घेतल्यात, परवा येताना पुन्हा थांबू की वाटेत.

"मी इथेच राहते. सकाळी ती असते."

"आणि परत कशी येणार?"

"रेल्वेने."

"अगं, पण गाडी असताना..."

"गाडी तुझी आहे," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "एक कर. पोरीची खिडकी उघडी ठेव."

नातीने तिच्या कमरेला मिठी मारली आणि ती आईबापांमागे गेली. धाकटी कान देऊन उभी राहिली. जाणाऱ्याचा आवाज ऐकून मगच दारातून आत वळायची तिला जन्माची सवय. पण आवाज आलाच नाही. गाडी गेली की अजून फाटकात उभी आहे, कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळाने तिने ऐकायचं सोडून दिलं.

तिने पिशवीतून चादर काढली. अजून दमट होती. रात्रभरात वाळेल म्हणून ती रिकाम्या खाटेवर पसरू लागली, तोच थोरली उठली. जवळ आली, चादरीचं टोक उचललं आणि नाकाशी नेलं.

"ओकारी आहे," ती म्हणाली. नाक मुरडलं नाही, काही नाही. "लहान पोराची. बरं आहे का ते पोर?"

सबंध दिवसात हे विचारणारं हे पहिलंच माणूस होतं.

"बरं आहे आता."

"मग ओढून घे. ओली आहे तोवर ओढायची. वाळली की ऐकत नाही."

दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरून समोरासमोर उभ्या राहिल्या. थोरलीने हिसका दिला, अगदी तोच, मनगटातून. धाकटीने तो झेलला आणि परत दिला. खोलीभर पाण्याचा बारीक तुषार उडाला.

"नवी लागलीस?" थोरलीने विचारलं.

"हो."

"हात बरा आहे तुझा. आमची धाकटी आहे ना, ती कोपरा सोडते. सांगून सांगून दमले." तिने दाराकडे पाहिलं. "येईलच आता. लांबून येते बिचारी."

"येईल," धाकटी म्हणाली.

त्यांनी पहिली घडी घातली. मग एकमेकींकडे चालत आल्या, कोपरे जुळले, बोटांना बोटं लागली. थोरलीने तिच्या हातातले कोपरे आपल्याकडे घेतले आणि पुढच्या घडीसाठी वाट बघत थांबली. धाकटी खाली वाकली, लोंबणारी बाजू उचलली, शिक्क्याचा कोपरा मुठीत घट्ट धरला आणि मागे मागे जात चादर पुन्हा ताणली.