शेजारची सीट

नातीने, ब्रायरने, हॉर्न दिला तेव्हा फर्गस आजोबा बूट घालून अंगणात उभेच होते. मागच्या सीटवर तिच्या मैत्रिणी टेगन आणि हुइया हॉकीच्या काठ्या सांभाळत बसल्या होत्या. पुढची सीट आजोबांची. नवशिक्या पोरीने एकटीने खुशाल गाडी चालवावी, पण कुणाला सोबत न्यायचं तर शेजारी पक्क्या परवान्याचं माणूस हवं, असा कायदा. मेंढ्या व्यायच्या दिवसांत आईबापांना फुरसत कुठली? म्हणून हिवाळाभर दर शनिवारी आजोबाच सामन्यासाठी गोअर गावी जायचे. पोरींच्या बडबडीने कान किटायचे, मैदानावर गरम चीज रोल मिळायचे, आणि आजी गेल्यापासून आठवड्यात तेवढाच एक दिवस त्यांना आपला वाटायचा.

पण या गुरुवारी डॉक्टरांनी त्यांची नजर तपासली आणि परवान्याला साफ नकार दिला. ऐंशी पूर्ण व्हायच्या आतच आजोबांची गाडी बंद. त्यांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. गुपचूप बसलो तर कुणाला कळणार, असं दोन रात्री स्वतःला समजावून झालं होतं.

"आजोबा, बसा ना! की टाय बांधायचाय?" टेगन ओरडली.

त्यांनी दाराला हात लावला आणि काढून घेतला. वाटेत पोलिसांनी अडवलं तर भोगणार ब्रायर.

"माझा परवाना गेला गं," ते म्हणाले. "डोळ्यांपायी. तुझ्या शेजारी बसायला मी आता चालत नाही."

मग टेगनने आईला फोन लावला. लोरेन शेजारच्याच शेतावर होती. गोठ्यातले गमबूट तसेच पायात ठेवून ती पिकअप घेऊन आली. "म्हातारबा, कालच सांगितलं असतंत तर निदान तोंड तरी धुतलं असतं!" म्हणत तिने दोघींना आपल्या शेजारी कोंबलं. तिला तसंच पुढे मेंढ्यांचं खाद्य आणायचं होतं, म्हणून पिकअपच हवी, आणि तिथे चौथ्याला जागा नव्हती. पिकअप निघून गेली.

उरली ब्रायर आणि तिची रिकामी गाडी.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "आपल्या रस्त्यावर कोण बघतंय?"

"मला नेलंस तरी गुन्हाच. आता मीच प्रवासी."

"असला कसला कायदा! तुम्ही तर मला शिकवलंत."

"कायदा बरोबर आहे. पोरं भरून गाड्या खड्ड्यात गेलेल्या मी पाहिल्यात." आपल्याला किती जायचं होतं ते त्यांना तेव्हा कळलं. "निघ. उशीर होईल."

"आजोबा..."

"निघ म्हटलं ना. आणि गोल कर."

त्यांनी बाहेरून दार लावलं. गाडी फाटकातून वळली. थोड्या अंतरावर ती त्यांच्या डोळ्यांपुरती नाहीशी झाली, नुसता आवाज राहिला. पुलाअलीकडचं वळण वाईट होतं. तिथे प्रत्येक शनिवारी ते "हळू" म्हणायचे.

आजोबांनी अंगणातल्या खडीवर, ब्रेकवर दाबावा तसा, उजवा पाय घट्ट दाबला.

तिकडे इंजिनाचा आवाज खाली आला, वळणभर तसाच राहिला आणि मग सरळ रस्त्याला लागून वाढत गेला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांनी पाय उचलला.