काळ्या रंगाखालचं चाक

मी रंगाऱ्याचा साचा बोलतोय. हातभर पत्रा, त्यात कापलेलं पंखांचं चाक. रेल्वेच्या कारखान्यातल्या रंगाऱ्यानं मला घडवलं. डब्यावर मला धरून ब्रश फिरवला की कंपनीचं चिन्ह उमटायचं.

एका सकाळी पुलाजवळ डबा उलटला. रंगाऱ्याला तातडीनं नेलं. त्याच्या पिशवीत मीही होतो. साहेब म्हणाले, "फोटोवाले यायच्या आत चिन्हावर काळा मार." पोटापुढे कुणाचं चालतं? शेवटचा पंख झाकला आणि आतून पत्र्यावर थाप पडली. तो ओरडला, माणसं धावली, पत्रा कापला. तोवर आत सारं शांत झालं होतं.

त्यानं नोकरी सोडली, मला खाटेखाली टाकलं. जेवता जेवता उठून तो भिंतीला कान लावायचा.

"बाबा, कुणी नाहीये."

"हळू बोल," तो लेकीला म्हणायचा. जाण्यापूर्वी एकदाच त्यानं तिला सगळं सांगितलं.

लेक नर्स. तिनं जुनी व्हॅन घेतली आणि मला बाहेर काढलं. कंपनी केव्हाच बुडाली होती. नाव आणि चिन्ह दुसऱ्या कंपनीकडे गेलं होतं. ते चिन्ह व्हॅनच्या दारावर काढायला तिनं परवानगीचा अर्ज लिहायला घेतला.

भाऊ हसला. "मेलेल्या कंपनीचं चिन्ह! कोण येतंय विचारायला?"

"बाबांनी न विचारता पुसलं. मी विचारून काढणार."

पाच महिन्यांनी उत्तर आलं: फक्त स्वतःच्या गाडीवर, धंद्यासाठी नाही, आकारात बदल नाही, आणि खाली लिहायचं, 'हे वाहन रेल्वेचं नाही.'

"व्हॅन रुळावरून जाईल अशी भीती वाटली वाटतं त्यांना," भाऊ म्हणाला. पण मला दारावर घट्ट धरलं त्यानंच.

ती पहिल्यांदा पुलाकडेच गेली. तिथल्या पंक्चरवाल्या बाई चिन्हापाशी थबकल्या. "माझा भाऊ होता त्या डब्यात. कंपनी म्हणाली, डबा आमचा नव्हताच. फोटोत चिन्ह कुठे होतं?"

"माझ्या वडिलांनी झाकलं होतं," लेकीनं सांगितलं.

बाई दुकानात गेल्या. मग आतून ओलं फडकं आणून त्यांनी चाकावरची धूळ पुसली. "दर महिन्याला आणत जा गाडी," एवढंच म्हणाल्या.

आता मी व्हॅनमध्ये सीटखाली असतो, परवानगीच्या पत्राशेजारी. कोपरे गंजलेत. गंज पंखांपर्यंत पोचायच्या आत कुणीतरी माझ्यावरून नवा साचा कापून घ्या. दारावरचा रंग काही जन्मभर टिकायचा नाही.