भंगार ओळखणारा दिवा

स्पर्धेत प्रत्येकाला बंद पिशवी मिळाली होती. आत निघतील त्या सुट्या भागांतून काहीतरी चालणारं बनवायचं होतं. वर्गात मिरची म्हणून ओळखली जाणारी पोरगी तासभर मोटरशी झटली, पण मोटर ढिम्म हलेना. शेवटी तिने सेल, दिवा आणि तारा जोडून पिशवीतला एकेक भाग तपासला. बाकी सगळे जळके निघाले, तशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एवढ्यात परीक्षक आले. पिशव्या त्यांच्याच कारखान्याने दान केल्या होत्या.

"दिवा लागत नाही, बाळ. कुठेतरी चुकलंय तुझं."

तिने तारा एकमेकींना टेकवल्या. दिवा लख्ख लागला. मध्ये त्यांची मोटर धरली, तो विझला.

"सर, हे भंगार ओळखायचं यंत्र आहे. अजून एकदाही चुकलेलं नाही."