वीस रिकामी घरं

मी एक जुनी ब्रेल पट्टी आहे, मित्रांनो. संगणकाच्या पडद्यावर जी ओळ उमटते, तीच माझ्या चाळीस घरांत बारीक ठिपक्यांनी वर येते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ते ती बोटांनी वाचतात. कारखान्यात माझा एकेक ठिपका हजारदा वर-खाली करून पाहिला, तेव्हापासून स्वस्थ बसणं मला जमलेलंच नाही.

माझी मालकीण प्रोग्राम लिहायची. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. "हिची चूक शोधायला भिंग लागतं," असं तिचे वरिष्ठ सांगत. ते पूर्वी शिकवायचे, म्हणून त्यांचं नाव मास्तर पडलं होतं.

प्रोग्रामच्या ओळी पायरीपायरीने आत सरकवाव्या लागतात. कोणती ओळ कोणाच्या पोटात, हे त्यावरूनच ठरतं. त्यासाठी टॅबची कळ एकदा दाबायची की स्पेसची चार वेळा, यावरून तिथे रोज हुज्जत चाले. एका सोमवारी मास्तरांनी निकाल दिला, स्पेस. सगळ्यांच्या पडद्यावर सारखं दिसलं पाहिजे.

टॅबला माझं एकच घर पुरतं. चार स्पेसना चार लागतात. पाचव्या पायरीवर माझी वीस घरं रिकामी पडू लागली. ताईचं बोट त्या सपाटीवरून मोजत जाई, चुके, पुन्हा मागे येई. वर यायला ठिपकाच नाही, तर मी तरी काय करणार? आतल्या आत नुसती तळमळत होते.

ती कोणाला काही बोलली नाही. महिन्याभरात 'ज्याचं ऑपरेशन, त्यालाच' या अटीच्या पोटातली तिची एक ओळ एक पायरी बाहेर पडली आणि एका दवाखान्याच्या झाडून सगळ्या रुग्णांना निरोप गेला, 'उद्या ऑपरेशन, उपाशीपोटी या.' तिचं काम काढून दुसऱ्याला दिलं. त्याच दुपारी तिने राजीनामा लिहिला. तो वाचला मी एकटीने. पाठवणार, एवढ्यात मास्तर समोर येऊन बसले.

"तुझ्याकडून असं कसं झालं?"

"सर, डोळे मिटा. इथे बोट ठेवा. किती स्पेस आहेत?"

"इथे तर काहीच नाही."

"आहेत. मोजा."

त्यांनी तीनदा मोजलं. "अठरा. नाही, एकोणीस."

"वीस. दिवसभर हेच चालतं."

मास्तरांनी डोळे उघडले. "मग आधी का नाही बोललीस?"

"नियम सगळ्यांचा होता. माझ्या एकटीसाठी कशाला अडून बसायचं?"

दुसऱ्या दिवशी टॅब लागू झाला. एकाने कुरकुर केली, "माझ्याकडे ओळी फारच आत जातात." मास्तर म्हणाले, "मग तुझ्या पडद्यापुरतं कमी कर. टॅब ज्याला जेवढा हवा तेवढा दिसतो." ताईने राजीनामा शेवटाकडून एकेक अक्षर पुसत नेला. माझे ठिपके खाली बसत गेले आणि त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

आता माझे सात ठिपके अडकतात. ताईकडे नवी पट्टी आली आहे, मी खणात असते. कोणी खण ओढला की अजून धडधडतं. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर मऊ कोरड्या फडक्याने पुसत जा. धूळ ठिपक्यांच्या मुळाशी बसते. आणि चारचौघांसाठी नियम कराल, तेव्हा गप्प बसलेल्या माणसाकडे आपणहून जा. तो सांगायला येईल म्हणून थांबू नका. राजीनामा लिहायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.